आतलं काम

आमच्या इंद्रलोकच्या बिल्डिंगमध्ये कोणाचा मिक्सर बंद पडला, कोणाची इस्त्री तापेनाशी झाली, की ती वस्तू ठेवायची की भंगारात द्यायची याचा निकाल दुसऱ्या मजल्यावर लागायचा. तिथे काशीनाथ पेडणेकर राहतात, आमच्या समोरच्या दारात. गेली एकोणीस वर्षं मी त्यांना काका म्हणते आणि सुगंधाकाकूंना काकू म्हणत आले. दुकान त्यांचं भाईंदर पश्चिमेला, मार्केटच्या मागच्या गल्लीत. एका माणसाने आत बसावं आणि दुसऱ्याने बाहेर उभं राहून बोलावं, एवढीच जागा. पण रविवारी लोक घरीच यायचे. काका हॉलमध्ये जमिनीवर मांडी घालून बसलेले, चष्मा कपाळावर, आणि समोर वर्तमानपत्रावर कोणाचा तरी पंखा पोट उघडून पडलेला.

ज्या वस्तूला स्क्रू नाही तिच्याबद्दल ते वैऱ्याबद्दल बोलावं तसं बोलायचे. माझ्या नवऱ्याने, परागने, नवा फोन घेतला आणि कौतुकाने दाखवायला नेला. काकांनी तो उलटा केला, कडेने नख फिरवलं आणि परत दिला.

"पराग, हा फोन तुझा नाही. तू नुसता सांभाळायला घेतलायस."

एअर फ्रायरला ते डब्यात बसवलेला हेअर ड्रायर म्हणायचे. मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ वरच्या मजल्यावरच्या स्वातीने घेतलं, तेव्हा तिला म्हणाले, "चालून पाय दुखले तर पायांना कळतं ना? मग मनगटाला कशाला विचारतेस?" त्याच स्वातीने पाण्यातलं 'ॲसिड' काढणारं एक महागडं यंत्र आणलं होतं. काकांनी मला हाक मारली. "मृणाल, तू बी.एस्सी. केमिस्ट्री ना? सांग हिला जरा. माझं ऐकणार नाही, मी दहावी पास." मी सांगितलं, आणि स्वाती माझ्याशी महिनाभर बोलली नाही. काकूंना तेवढा महिनाभर विषय पुरला.

विज्ञानाबद्दल काकांचं एकच मत होतं आणि ते सगळीकडे लागू व्हायचं. मीटर लावा. मीटर सांगेल ते खरं, माझं तोंड सांगेल ते नाही. त्यांच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर असायचा आणि पिशवीत कायम तो पिवळा मीटर, दोन टोकदार तारांचा.

आणि एक सवय होती, जिच्यामुळे मी हे सगळं लिहितेय. एखादी वस्तू आतून बदलली, मोटर नवी घातली किंवा सर्किट नव्याने जोडलं, की ते वरचं कंपनीचं लेबल काढून टाकायचे. गरम पाण्याचं फडकं ठेवून, न फाडता, हळूहळू. मग तिथे डॉक्टरी पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावायचे आणि बॉलपेनने लिहायचे: तारीख, काय केलं, आणि खाली 'का. पे.' मी एकदा विचारलं होतं, एवढा उपद्व्याप कशासाठी. ते म्हणाले, "आत त्यांचं काही राहिलं नाही. मग वर त्यांचं नाव ठेवायचं म्हणजे खोटं बोलल्यासारखं नाही का? बिघडलं तर लोकांनी मला शिव्या घालाव्यात, कंपनीला का?" काढलेली लेबलं ते टाकूनही द्यायचे नाहीत. ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, तेलकट कागदावर चिकटवून ठेवलेली असायची. माझ्या मिक्सरवर ती पांढरी पट्टी आजही आहे.

उत्तनच्या कोळ्यांच्या बोटींवर तर या पट्टीला फार मान. तिथला टोनी काकांचा जुना माणूस. त्याच्या भावाची बोट आहे, आणि तो स्वतः टुरिस्ट गाडी चालवतो. वायरलेस, मासे शोधायचं यंत्र, सगळं तो गाडीत घालून काकांकडे आणायचा. आमच्या दारातून जाताना मला सांगायचा, "ताई, काकांची पट्टी हाय तर यंत्र बोलणार. पट्टी न्हाय तर भरवसा न्हाय."

काका कधी विमानात बसले नव्हते, पण विमानतळावरच्या तपासणीबद्दल त्यांची ठाम मतं होती. स्वाती दुबईहून आली तेव्हा तक्रार करत होती, की खालच्या बॅगेत ठेवलेला पॉवर बँक तिला रांगेतून परत बोलावून काढायला लावला. काका तिच्यावरच उखडले. "बरोबर केलं त्यांनी. लिथियम आहे ते. खाली सामानात पेटलं तर कोण बघणार? वर माणसाजवळ असलं तर निदान धूर तरी दिसेल." मग आवाज बदलून म्हणाले, "पण त्यांचं ते एक्स-रे मशीन बघायचंय एकदा मला. न उघडता आतलं दिसतं म्हणे. तार न् तार."

दोन वर्षांपूर्वी काकूंना जिना चढताना धाप लागायला लागली. आधी वय म्हणाले, मग ॲलर्जी म्हणाले, मग स्कॅन झाला. फुप्फुसांना जाळी धरलीय, डॉक्टरांनी सांगितलं. ती मागे जात नाही, पुढेच जाते. घरात विजेवर चालणारं ऑक्सिजनचं मोठं यंत्र आलं, त्याची लांब नळी नाकात घालून काकू स्वयंपाकघरापर्यंत जायच्या. "बांधलेली म्हैस झालेय मी," असं म्हणायच्या आणि हसल्या की खोकायच्या. बाहेर जाण्यासाठी बॅटरीवरचं छोटं यंत्र काकांनी बेव्हर्ली पार्कमधल्या एका घरातून आणलं. तिथले आजोबा गेले होते, यंत्र नुसतं पडून होतं. यंत्र चांगलं होतं पण त्याच्या दोन्ही बॅटऱ्या म्हाताऱ्या झालेल्या. सव्वा तासात मान टाकायच्या.

त्यांची एकुलती एक लेक क्षितिजा गुवाहाटीला असते. कॉलेजात फिजिक्स शिकवते. लग्नानंतर आठ वर्षांनी तिला दिवस राहिले आणि पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी तिला पलंगावर झोपवून ठेवलं. आईला तिच्याकडे जाता येईना, तिला आईकडे येता येईना. रोज संध्याकाळी दोघी व्हिडिओवर एकमेकींसमोर आडव्या. मध्ये काकांचा हात फोन धरून.

सातवा लागला तेव्हा काकूंनी विषय काढला. ओटी आईने भरायची असते. मी जाणार.

मला वाटलं होतं डॉक्टर नाही म्हणतील. त्यांनी काकूंना बाहेर बसवून काकांना सांगितलं, "जायचं असेल तर आत्ता. विमानात ऑक्सिजन चालू ठेवून जाता येईल. मी दहा दिवसांसाठी लिहून देतो. महिन्याभराने आलात तर मी सही करणार नाही." काकांनी हे मला दारातच सांगितलं, आवाज न वाढवता, चपला काढता काढता. त्या दहा दिवसांनंतर काय, हे त्यांनी विचारलं नव्हतं. न विचारताच कळलं होतं.

विमान कंपनीचा फॉर्म मी भरला. मशीनचं नाव, मॉडेल, बॅटऱ्या किती, एकूण किती तास चालतील. तीन तासांचं उड्डाण, तर साडेचार तास चालेल एवढी बॅटरी हवी, असा नियम. सगळं मी मशीनच्या पुस्तिकेत बघून लिहिलं. बॅटरी हातात घेऊन बघितली नाही. बघायची गरज वाटली नाही.

कंपनीची नवी बॅटरी तीन आठवड्यांनी येणार होती. आमच्याकडे दहा दिवस. मी अंधेरीच्या एका एजन्सीचा नंबर शोधला, मशीन बॅटरीसकट भाड्याने देतात. काका ऐकून घेईनात.

"भाड्याच्या मशीनवर हिचा श्वास? दहा ठिकाणी आपटलेलं असणार. आत काय आहे कोणाला माहीत?"

"काका, त्यांचं रोजचं काम आहे ते. विमानाला चालतं असं लिहिलंय त्यांनी."

"लिहायला काय जातं?"

मी काकूंकडे बघितलं. त्यांनी नाकातली नळी नीट केली. "मृणाल, राहू दे गं. हे करतायत ना? मग झालं." मी नंबरचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. आणखी एकदा म्हणायला हवं होतं. एकदाच म्हणून गप्प बसले.

दोन दिवस काकांनी दुकान उघडलं नाही. एका बॅटरीचा डबा कडेने कापला, आतले म्हातारे सेल काढले, नवे आठ आणले आणि एकेक मीटरला लावून तपासला. तीन नापास केले, बदलून आणले. पट्ट्या जोडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मला बोलावलं.

"बंद करायच्या आधी बघून घे."

खरंच बघण्यासारखं होतं. आठ सेल शाळेच्या प्रार्थनेला उभे असावेत तसे ओळीत, तारा काटकोनात वळवलेल्या, प्रत्येक जोड तांदळाच्या दाण्याएवढा. एक जोड त्यांनी माझ्यासमोर काढून परत केला. तो पक्का होता, फक्त जरासा तिरका होता.

"चालला असता की काका."

"चालला असता. पण एक्स-रेत तिरका दिसला असता." ते हसले, आणि मग न हसता म्हणाले, "चाळीस वर्षं झाली, मृणाल. लोक म्हणतात पंखा फिरतोय, बस. झाकण लावलं की आतलं काम कोणी बघत नाही. आता पहिल्यांदा बघणार कोणीतरी."

पलंगावरून काकू म्हणाल्या, "अहो, तिला जरा पावडर लावा. लग्नाला निघालीय."

ती बॅटरी त्यांनी काकूंवरच तपासली. नळी नाकात, घड्याळ समोर. चार तास पन्नास मिनिटं चालली. नव्या बॅटरीलाही तेवढं जमत नाही, असं काका म्हणाले आणि ते खरंही होतं. मग मी दूध तापत ठेवलंय म्हणून घरी आले. त्यांनी डबा बंद केला असणार, गरम पाण्याचं फडकं घेतलं असणार. ते पट्टी लावणार हे मला माहीत होतं. एकोणीस वर्षं माझ्या ओट्यावर ती पट्टी माझ्यासमोर आहे. तरी माझ्या डोक्यात घंटा वाजली नाही.

शुक्रवारी सव्वाबाराचं विमान होतं. सकाळी आठला टोनी गाडी घेऊन आला. काकूंनी क्षितिजासाठी घेतलेली हिरवी साडी बॅगेत सगळ्यात वर ठेवायला लावली होती. टोनीने त्यांना खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली नेलं. मी म्हटलं, सोडून लगेच ये, काकू आत गेल्या की कळव. तो म्हणाला, "लगेच न्हाय येणार ताई. विमान उडेपर्यंत मी पार्किंगला हाय." त्यांच्या घरी बोट नजरेआड होईपर्यंत किनाऱ्यावरून कोणी हलत नाही. तीच सवय त्याने विमानतळावर नेली होती.

अडीच वाजता मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तर टोनीची गाडी गेटमधून आत आली. रिकामी असेल असं मला वाटलं. मग मागचं दार उघडलं आणि काका उतरले.

पुढचं मला काकूंनी सांगितलं, दोन दिवसांत, तुकड्यातुकड्याने, कारण एका दमात त्यांना दोन वाक्यांपलीकडे बोलवत नव्हतं.

काउंटरवर सगळं नीट झालं होतं. डॉक्टरांचा कागद बघितला, मशीन बघितलं, व्हीलचेअर मिळाली. तपासणीला काकांनी बॅटरी स्वतः ट्रेमध्ये ठेवली, मध्यभागी. ट्रे आत गेला तेव्हा ते पडद्यासमोर बसलेल्या माणसाकडे बघत उभे होते. "शाळेत पोराचा नंबर वाचतात ना, तेव्हा बाप उभा असतो तसे," असं काकू म्हणाल्या.

पट्टा थांबला. तिथल्या तरुण जवानाने बॅटरी हातात घेतली, उलटी केली, पांढरी पट्टी वाचायचा प्रयत्न केला.

"अंकल, ये क्या है?"

"ऑक्सिजन मशीन की बैटरी."

"घर में बनाया है?"

काकूंनी मागून त्यांचा शर्ट ओढला. पण काका सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "हाँ. मैंने बनाया."

मग वरचा अधिकारी आला. वयस्कर, नीट बोलणारा. त्याने सगळे कागद वाचले. काकूंना पाणी हवं का विचारलं. काकांनी त्याला एकच सांगितलं, की तुमच्या मशीनमध्ये आतलं दिसलं असेल, ते बघा.

"देखा मैंने."

"कुछ गलत है?"

"गलत नहीं है अंकल. अंदर से साफ है. लेकिन ऊपर कंपनी का नाम नहीं, वॉट नहीं लिखा. मैं किस भरोसे अंदर छोड़ूँ?"

"भरोसा मत करो. मीटर लगाओ." काकांनी पिशवीतून पिवळा मीटर काढून पुढे केला. त्याच्या टोकदार तारा बघून जवानाने तो अलगद त्यांच्या हातातून घेतला आणि बाजूच्या ट्रेमध्ये ठेवला. तोही आत जाणार नव्हता.

दुसरी, जुनी बॅटरी चालणार होती. तिच्यावर लेबल होतं. पण ती सव्वा तासाची. विमान कंपनीच्या मुलीने हात जोडून सांगितलं, एवढ्यावर आम्ही माताजींना चढवू शकत नाही. काकू म्हणाल्या, तुम्ही जा, साडी तरी देऊन या. काका ऐकत नव्हते. ते अजून त्या पडद्याकडेच बघत होते, पण पडद्यावर तोवर दुसऱ्या कोणाची तरी बॅग आली होती.

खरं सांगायचं तर तो अधिकारी चुकला नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं. काकांचा हात कसा आहे हे त्याला कुठून कळणार? उद्या कोणी बिनडोक माणूस असाच डबा चिकटपट्टी लावून आणेल आणि सांगेल, मी बनवला. हे स्वातीला समजावून सांगणारे काकाच होते. म्हणूनच ते भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं, असं मला नंतर वाटलं.

टोनी मला गेटवर म्हणाला, "काका कायच बोलले न्हाय ताई. दहिसरला एकदा इचारलं, टोनी, भावाच्या यंत्रावरची माझी पट्टी हाय का अजून? मी बोललो, हाय ना. मग परत गप."

संध्याकाळी क्षितिजाचा फोन आला. मी तिथेच होते, काकूंना पेज भरवत होते. ती आधी रागावली. "बाबा, उघडलेली बॅटरी विमानात नेतात का? मला एकदा विचारायचं तरी!" काका फोन धरून बसले होते, तोंड बाजूला करून. मग तिला रडू फुटलं आणि तिने कॅमेरा बंद केला.

डॉक्टरांच्या कागदाचे अजून पाच दिवस शिल्लक होते. मंगळवारच्या विमानात जागा होती, परागने बघितलं होतं. आणि ते मीच म्हटलं.

"काका, त्या बॅटरीचं मूळ लेबल डब्यात असेल ना?"

काकांनी फोन खाली ठेवला.

"आहे," काका म्हणाले.

"मग ते परत लावा. आत त्याच मापाचे सेल आहेत, उलट चांगले आहेत. कोणाचं काय बिघडणार?"

"आत त्यांचं काही नाही, मृणाल."

"आत नाही हो. पण काकूंना जायचंय ना?"

त्यांनी काकूंकडे बघितलं. मला वाटलं काकू नेहमीसारखं काहीतरी बोलून सोडवतील. त्या म्हणाल्या, "मला माझ्या पोरीची ओटी भरायचीय." बस, एवढंच.

शनिवारी सकाळी काकांनी तो पत्र्याचा डबा काढला. लेबल शोधायला अर्धं मिनिटही लागलं नाही, प्रत्येकावर तारीख होती. त्यांनी आपली पट्टी ओलं फडकं ठेवून काढली, तेवढ्याच सावकाश, आणि कंपनीचं लेबल तिथे बसवलं. चार वेळा बसवलं. तीन वेळा तिरकं गेलं. ज्या माणसाचा जोड तांदळाच्या दाण्याइतका असतो, त्याला एक चौकोनी कागद सरळ लावता येत नव्हता. काकू पलंगावरून बघत होत्या. "हे तुम्ही कधी केलं नव्हतं," त्या म्हणाल्या. काका म्हणाले, "करतोय आता."

लेबल शेवटी सरळ बसलं. कोणालाही कळलं नसतं.

रविवारी दुपारी काकूंना ताप आला. बोटाला लावायच्या त्या चिमट्यात ऑक्सिजनचा आकडा नव्वदच्या खाली गेला, मग ऐंशीच्या. काकांनी चिमटा आधी स्वतःच्या बोटाला लावून बघितला, बरोबर चालतोय का. चालत होता. गर्दीत, खुर्चीत, तीन-चार तास बसून कुठला तरी संसर्ग झाला असावा असं दवाखान्यात म्हणाले. नक्की कोणीच सांगितलं नाही. मंगळवारी सव्वाबारा वाजता त्या अतिदक्षता विभागात होत्या आणि काका बाहेरच्या बाकावर. मी शेजारी बसले होते. त्यांनी घड्याळ बघितलं, मीही बघितलं.

दवाखान्यात नेल्यापासून बाराव्या दिवशी काकू गेल्या.

क्षितिजाला उठायचीही परवानगी नव्हती. तिने आईला शेवटचं फोनवरच बघितलं, तो फोन मी धरला होता. हिरवी साडी मी पार्सलने पाठवली. पाठवताना तिच्यात खण, नारळ, तांदूळ घालायचं ठरवलं होतं. नारळ पार्सलमध्ये घेत नाहीत म्हणाले. तांदूळ घातले, मूठभर.

एप्रिलमध्ये क्षितिजाला मुलगी झाली. सुखरूप. काका गेले नाहीत. तिने तिकीट काढून देते म्हटलं, ते म्हणाले, बघू. दुकान त्यांनी पुन्हा उघडलं, पण रविवारी लोक घरी यायचे बंद झाले, कारण ते दार उघडायचे नाहीत. टोनी वायरलेस घेऊन आला होता. दुरुस्त करून दिला, पण पट्टी लावली नाही. लेबलही काढलं नाही. टोनी तो हातात घेऊन माझ्या दारात उभा राहिला. "ताई, चालतोय तो. पन पट्टी न्हाय. भावाला काय सांगू?"

परवा मात्र, मे महिन्यातल्या एका शुक्रवारी, दुपारी सव्वाबाराला मला भिंतीपलीकडून तो आवाज ऐकू आला. छोट्या यंत्राचा. माणसाने श्वास घेतला की ते हळूच फुस् करतं, आणि नळीत श्वास नसला की बीप करतं. आधी बीप आलं, दोनदा. मग थांबलं आणि फुस्, फुस् सुरू झालं. मी हातातलं काम टाकून गेले. दार नुसतं लोटलेलं होतं.

काका काकूंच्या पलंगावर बसले होते. समोर स्टुलावर यंत्र, यंत्रात ती बॅटरी. कंपनीचं लेबल गेलं होतं, त्या जागी डिंकाचा चौकोनी डाग होता. आणि यंत्राची नळी त्यांच्या नाकात होती.

"काका, काय करताय हे? बरं नाही का वाटत?"

त्यांनी हात वर केला. "बोलायला लावू नकोस. श्वास चुकतो मग."

त्यांचे डोळे भिंतीवरच्या घड्याळावर होते. मला तेव्हा लक्षात आलं की त्यांनी बाहेर जायचे कपडे घातलेत. इस्त्रीचा शर्ट, पँट, खिशाला टेस्टर. पायात चपला. मी खुर्ची ओढून बसले. गॅसवर चढवायचा कुकर तसाच राहिला. यंत्र त्यांच्या श्वासाबरोबर फुस् करत होतं आणि ते काळजीने, घाई न करता श्वास घेत होते, यंत्राला त्रास होऊ नये असे.

तीन तास गेले. घड्याळात सव्वातीन झाले.

"उतरलं," काका म्हणाले.

त्यांनी यंत्राकडे बोट केलं. बॅटरी किती उरलीय हे दाखवणारे हिरवे दिवे असतात तिथे, पाच.

"बघ. दोन अजून आहेत."